उन्हाळ्यात गाई-म्हशींना काय द्यावे, हे ग्रॅममध्ये सांगा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मार्च उजाडला की मराठी वृत्तपत्रांच्या कृषी पानांवर ‘उन्हाळ्यात जनावरांची काळजी’ या मथळ्याचे लेख येऊ लागतात. सावली करा, भरपूर पाणी पाजा, क्षार मिश्रण द्या, इलेक्ट्रोलाइट द्या, असा सल्ला त्यांत असतो. तो चुकीचा नसतो. पण किती ग्रॅम, कशात मिसळून, दिवसाच्या कोणत्या वेळी, आणि कोणत्या जनावराला मुळीच द्यायचे नाही, हे त्यात क्वचितच सापडते. मग शेतकरी औषधाच्या दुकानात जातो, तिथे समोर येईल तो महागडा डबा घेतो, आणि ज्या तीन-चार स्वस्त वस्तूंनी गाय खरोखर सावरते त्या गव्हाणीपर्यंत पोचतच नाहीत. जनावरांच्या आरोग्याचे आणि आहाराचे काम करणारे आम्ही काही जण म्हणून हे पत्र आकड्यांसह लिहीत आहोत. ते लांबले आहे, पण शक्य असल्यास प्रमाणे न गाळता छापावे ही विनंती.

आधी उष्णता मोजायची कशी ते सांगतो. नुसते कमाल तापमान पाहून जनावराचा त्रास कळत नाही, कारण घाम आणि धाप या दोन्ही वाटांनी उष्णता बाहेर पडते ती पाण्याच्या वाफेतून, आणि हवा दमट असेल तर वाफ होत नाही. यासाठी तापमान-आर्द्रता निर्देशांक वापरतात. गोठ्यात दोन साधे तापमापक टांगायचे. एकाच्या टोकाला पातळ सुती कापड गुंडाळून त्याचे दुसरे टोक पाण्याच्या बाटलीत सोडायचे. कोरड्या आणि ओल्या तापमापकावरचे आकडे सेल्सिअसमध्ये घेऊन त्यांची बेरीज करायची, तिला ०.७२ ने गुणायचे आणि त्यात ४०.६ मिळवायचे. विदर्भातल्या कोरड्या दुपारी कोरडा पारा ४० आणि ओला २२ असेल, तर बेरीज ६२ आणि निर्देशांक सुमारे ८५ येतो. कोकणात पारा ३४ वरच असेल पण ओला २८ दाखवत असेल, तर बेरीज पुन्हा ६२ आणि निर्देशांक तोच ८५. म्हणजे रत्नागिरीच्या ३४ अंशांत गाईला जो त्रास होतो तो नागपूरच्या ४० अंशांइतका असू शकतो. संकरित दुभत्या गाईला ७२ च्या पुढे त्रास सुरू होतो, जास्त दुधाच्या होल्स्टीन गाईला ६८ पासूनच. ८० ओलांडल्यावर दूध, दुधातले फॅट (स्निग्धांश) आणि माजावर येणे या तिन्हींवर परिणाम दिसू लागतो.

तापमापक नसेल तर श्वास मोजा. गाय सावलीत उभी असताना कुशीची हालचाल ३० सेकंद मोजून दुप्पट करा. मिनिटाला ६० च्या पुढे आकडा गेला तर गाय ताणाखाली आहे, ८० च्या पुढे गेला तर ताण गंभीर आहे. तोंड उघडे, जीभ बाहेर आणि लाळेची तार लागली असेल तर पूरकाचा विचार बाजूला ठेवून आधी गाईच्या अंगावर पाणी मारावे आणि वारा द्यावा.

आता पूरके का लागतात ते. धापणारी गाय रक्तातला कार्बन डायऑक्साइड भराभर बाहेर टाकते, त्यामुळे रक्त अल्कधर्मी होते. तो तोल सावरण्यासाठी मूत्रपिंड बायकार्बोनेट लघवीतून बाहेर सोडते आणि त्याच्याबरोबर सोडियमही जाते. शिवाय लाळेतला जो सोडा एरवी पोटात जाऊन तिथली आम्लता आवरतो, तो लाळ गळून जमिनीवर पडतो. रवंथ कमी झाल्याने नवी लाळही कमी तयार होते. त्यातच गाय चारा सोडून फक्त खुराक खाऊ लागते, आणि दूध टिकावे म्हणून मालक खुराक वाढवतो. पोटात आम्ल वाढते, शेण पातळ होते, फॅट घसरते, काही आठवड्यांनी खुरांचे दुखणे मागे लागते. चौथी गोष्ट घामाची. माणसाच्या घामातून मुख्यतः सोडियम जाते, गाईच्या घामातून पोटॅशियम जास्त जाते. म्हणून गाईला उन्हाळ्यात सोडियम आणि पोटॅशियम दोन्ही लागतात, आणि ते शक्यतो क्लोराइडचा भार न वाढवता द्यावे लागतात. नुसते मीठ वाढवून भागत नाही ते यामुळेच.

हिशेब करून दाखवतो. सव्वाचारशे किलो वजनाची, १५ लिटर दूध देणारी संकरित गाय उन्हाळ्यात साधारण १२ किलो शुष्क पदार्थ खाते, म्हणजे चाऱ्या-खुराकातले पाणी वजा करून उरलेले वजन. त्यात सोडियम ०.४५ टक्के असावे, म्हणजे दिवसाला ५४ ग्रॅम. ५० ग्रॅम मिठातून सुमारे २० ग्रॅम सोडियम मिळते आणि १२० ग्रॅम खाण्याच्या सोड्यातून सुमारे ३२ ग्रॅम. दोन्ही मिळून ५२ ग्रॅम झाले, उरलेले चाऱ्यातून येते. एवढ्या दोन वस्तूंनी गरज भागते. मात्र गोळी पेंडीत मीठ आधीच असते. पोत्यावर १ टक्का मीठ लिहिले असेल आणि गाय ६ किलो पेंड खात असेल, तर ६० ग्रॅम मीठ तिच्या पोटात गेलेलेच आहे. वरून आणखी घालू नये. घरचा भरडा, सरकी पेंड आणि गव्हाचा कोंडा देणाऱ्यांनी मात्र मीठ मोजून घालायलाच हवे.

सोडा देण्याच्या पद्धतीत सर्वांत जास्त चुका होतात, म्हणून त्यावर थोडे थांबतो. पहिल्या दिवशी ४०-५० ग्रॅमने सुरुवात करून पाच-सहा दिवसांत १२० वर यावे, जास्त खुराक खाणाऱ्या गाईला १५० पर्यंत. दिवसाचे प्रमाण दोन किंवा तीन वेळच्या खुराकात वाटून, भरड्यात कोरडेच नीट कालवून द्यावे. एकाच वेळी सगळा टाकला तर चव बिघडून गाय खुराकच सोडते. पिण्याच्या पाण्यात तर सोडा कधीच टाकू नये. पाण्याची चव बदलली की गाय पाणी कमी पिते, आणि उन्हाळ्यात त्याइतके मोठे नुकसान दुसरे नाही. किराणा दुकानात ‘सोडा’ मागितला की खाण्याचा आणि धुण्याचा असे दोन मिळतात. धुण्याचा सोडा दाहक असतो, तो तोंड आणि अन्ननलिका भाजतो. पाच-दहा गाई असतील तर पशुखाद्य दर्जाच्या सोडियम बायकार्बोनेटचे बंद पोतेच घ्यावे. ते दमट जागी ठेवले की गठ्ठे होतात आणि एखाद्या गाईच्या वाट्याला नुसता गठ्ठा येतो, म्हणून चाळून वापरावे. युरिया प्रक्रिया केलेला चारा किंवा युरिया-गुळाची चाटण वीट चालू असताना सोडा मोठ्या प्रमाणात देऊ नये. पोट अल्कधर्मी झाले की युरियापासून निघालेला अमोनिया रक्तात वेगाने शोषला जातो आणि विषबाधेची भीती वाढते.

पोटॅशियमची गरज एरवी शुष्क पदार्थाच्या १ टक्क्याच्या आसपास असते, उन्हाळ्यात ती दीड टक्क्यावर जाते. १२ किलोला १८० ग्रॅम. हा आकडा मोठा वाटतो, पण हिरवा चारा, विशेषतः लसूण घास, पोटॅशियमने भरलेला असतो आणि उसाच्या मळीतही ते चांगले असते. पोटभर हिरवा चारा असेल तर वेगळे काही देण्याची गरज सहसा पडत नाही. उणीव पडते ती एप्रिल-मे महिन्यांत कोरड्या चाऱ्यावर आणि खुराकावर ओढलेल्या गोठ्यात, कारण मक्याच्या दाण्यात पोटॅशियम जेमतेम ०.४ टक्के असते. अशा गोठ्यात पशुखाद्य दर्जाचे पोटॅशियम क्लोराइड ४० ते ५० ग्रॅम रोज द्यावे, त्यातून २० ते २६ ग्रॅम पोटॅशियम मिळते. पोटॅशियम कार्बोनेट मिळाले तर अधिक चांगले, त्यात क्लोराइड नसते, पण ते तीव्र असल्याने भरड्यात पूर्ण मिसळल्याशिवाय तोंडाशी नेऊ नये. शेतात टाकायचे पोटॅश आणि हे रसायन एकच आहे असे सांगून काही जण खताचे पोटॅश चारतात. ते खाद्यासाठी शुद्ध केलेले नसते. ते मुळीच वापरू नये.

पोटॅशियम वाढवले की मॅग्नेशियमचे शोषण घटते, ही बाब बहुतेक सल्ल्यांत सुटते. म्हणून सोबत पशुखाद्य दर्जाचे मॅग्नेशियम ऑक्साइड ३० ग्रॅम द्यावे. त्यातून १६ ग्रॅमच्या आसपास मॅग्नेशियम मिळते आणि तेच पोटातली आम्लताही थोडी आवरते. याहून जास्त दिले तर हगवण लागते.

खनिज मिश्रण हा या सगळ्याचा पाया आहे, उन्हाळ्याचे खास औषध नव्हे. ते बाराही महिने चालू हवे, दुभत्या गाईला दुधाप्रमाणे १०० ग्रॅम किंवा अधिक. पिशवीवर आयएस १६६४ हे मानक आहे का पाहावे. त्यात मीठ असलेला आणि मीठ नसलेला असे दोन प्रकार येतात. मीठ असलेला घेतला असेल तर वरच्या हिशेबातून तेवढे मीठ वजा करावे. पश्चिम महाराष्ट्र आणि मराठवाड्यात उन्हाळ्याची वैरण म्हणून उसाचे वाढे (शेंड्याकडची पाने) येते, त्यात ऑक्झॅलेट असते आणि ते कॅल्शियमला बांधून ठेवते. वाढ्यावर असलेल्या गाईंचे खनिज मिश्रण एक दिवसही चुकता कामा नये.

आता सर्वांत महत्त्वाचा इशारा. विण्याला तीन आठवडे उरलेल्या गाभण गाईला सोडा, पोटॅशियम कार्बोनेट किंवा असे कोणतेही अल्कधर्मी मिश्रण देऊ नये. या काळात रक्त अल्कधर्मी राहिले तर हाडांतून कॅल्शियम मोकळे होण्याची यंत्रणा मंदावते आणि गाय विताच दुग्धज्वराने आडवी होते. एकाच गव्हाणीत सगळ्यांचा खुराक एकत्र कालवला की ही चूक हमखास होते. जवळ आलेल्या गाभण गाईंची दावण वेगळी करावी आणि त्यांचा खुराक वेगळ्या टोपलीत कालवावा. त्यांनाही उन्हाळ्याचा त्रास होतोच. आटवलेल्या काळात तापलेली गाय पुढच्या वेतात कमी दूध देते आणि वासरू हलक्या वजनाचे जन्मते. पण त्यांच्यासाठी उपाय आहे सावली, पाणी, पंखा, आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने व्हिटॅमिन ई व सेलेनियम. सेलेनियमची गरज आणि विषारी प्रमाण यांत अंतर कमी आहे. शुष्क पदार्थाच्या किलोमागे ०.३ मिलिग्रॅम पुरते. खनिज मिश्रणात ते आधीच असेल आणि वरून दोन टॉनिके चालू असतील, तर बेरीज करून पाहिल्याशिवाय तिसरे सुरू करू नये.

क्षार कोणताही असो, तो पचवायला पाणी लागते. १५ लिटरच्या गाईला उन्हाळ्यात दिवसाला ८० ते १०० लिटर पाणी लागू शकते. दिवसातून दोनदा बादली दाखवून एवढे पाणी पोटात जात नाही, दावणीजवळ सतत भरलेली टाकी हवी. पाणी कमी आणि मीठ जास्त झाले तर जनावर झिंगते, आंधळ्यासारखे धडपडते, झटके देते. ही मिठाची विषबाधा आहे. टँकरचे पाणी मोजून पाजणाऱ्या गावांत आधी पाण्याची सोय करावी, मग मीठ-सोड्याचे प्रमाण वाढवावे. अकोला, अमरावती, बुलढाणा या जिल्ह्यांतल्या पूर्णा खोऱ्याच्या खारपाण पट्ट्यात तर विहिरी-बोअरचे पाणीच खारे असते. तिथे आमचे वरचे आकडे जसेच्या तसे लावू नयेत. पाण्याची तपासणी करून त्यातले विद्राव्य क्षार पाहावेत. लिटरमागे ३,००० मिलिग्रॅमपर्यंत जनावरे सहसा निभावतात, ५,००० च्या पुढचे पाणी गाभण आणि दुभत्या जनावरांना देऊ नये. खाऱ्या पाण्यावरच्या गाईचे मीठ आधी बंद करावे, आणि सोडा किती द्यायचा ते पाण्यातल्या सोडियमचा आकडा हाती आल्यावर ठरवावे. पत्र्याखालची काळी टाकी दुपारी तापते. टाकी सावलीत आणावी, बाहेरून चुना मारावा आणि शेवाळ आठवड्यातून एकदा घासून काढावे.

पूरकाइतकीच वेळही महत्त्वाची आहे आणि तिला पैसे पडत नाहीत. खाल्ल्यानंतर तीन-चार तासांनी पोटातल्या आंबण्याची उष्णता शिगेला पोचते. सकाळी नऊला भरपेट वैरण टाकली तर गाईच्या पोटातली भट्टी नेमकी दुपारी एकच्या उन्हात पेटते. दिवसाच्या वैरणीपैकी ६० ते ७० टक्के वाटा सूर्यास्तानंतर ते पहाटे पाच-सहापर्यंत द्यावा. दुपारी गव्हाणीत थोडा हिरवा चारा पुरे. कडबा कुट्टी करून, थोडे पाणी शिंपडून दिला की गाय निवडानिवड करत नाही आणि खुराकाबरोबर तो पोटात जातो. एकूण शुष्क पदार्थात वैरणीचा वाटा ४० टक्क्यांच्या खाली जाऊ देऊ नये. कितीही सोडा घातला तरी वैरणीची जागा भरून निघत नाही. मुरघास, म्हणजे हवाबंद मुरवलेला हिरवा चारा, असेल तर उन्हाळ्यात खड्ड्याच्या किंवा बॅगेच्या तोंडाकडून रोज किमान १५ ते २० सेंटिमीटर थर निघाला पाहिजे. तोंडाशी हात घातल्यावर गरम लागणारा मुरघास बिघडू लागलेला असतो.

कमी खाणाऱ्या गाईला ऊर्जा कुठून द्यायची हा पुढचा प्रश्न. धान्य वाढवणे धोक्याचे, म्हणून बायपास फॅट उपयोगी पडते. ते कोठीपोटात, म्हणजे चारा आंबतो त्या पहिल्या मोठ्या पोटात, न विरघळता पुढे जाते आणि पचताना उष्णताही कमी निर्माण करते. व्यालेल्या, १२-१५ लिटरच्या पुढच्या गाईला १०० ते १५० ग्रॅम पुरते. गाई त्याच्या वासाला आठवडाभर नाक मुरडतात, म्हणून ३० ग्रॅमपासून चढवावे. त्याऐवजी गोडेतेल ओतणाऱ्यांनी लक्षात घ्यावे, की मोकळे तेल कोठीपोटातल्या तंतू पचवणाऱ्या जिवाणूंना मारते आणि फॅट उलट खाली आणते. पेंडही बेताने द्यावी. गरजेहून जास्त प्रथिने दिली तर उरलेल्या नायट्रोजनचा युरिया करून बाहेर टाकण्यात गाईची ऊर्जा जाते आणि उष्णता वाढते.

जिवंत यीस्टचा उपयोग बऱ्यापैकी सिद्ध आहे. ते कोठीपोटातले लॅक्टिक आम्ल आवरते आणि तंतूंचे पचन सुधारते. दिवसाला एकूण १,००० ते २,००० कोटी जिवंत पेशी पोटात जाव्यात, म्हणून पाकिटावर ग्रॅममागे किती पेशी ते वाचावे. हा आकडा छापलेला नसेल तर पाकीट घेऊ नये. शिजवलेल्या गरम अंबोणात यीस्ट टाकले की ते मरते. तीन-चार आठवड्यांत शेणाचा पोत आणि फॅट यांत फरक दिसला नाही, तर पैसे वाचवावेत.

उरलेल्या डब्यांबद्दल स्पष्टच लिहितो. संरक्षित, म्हणजे कोठीपोटात टिकावे म्हणून आवरण दिलेले, नायसिन (एक ब जीवनसत्त्व) दिवसाला १२ ग्रॅम दिल्यावर परदेशातल्या काही चाचण्यांत गाईचे तापमान किंचित उतरले, काहींत फरक पडला नाही. साधे नायसिन बहुतांशी कोठीपोटातच संपते. सेंद्रिय क्रोमियम शुष्क पदार्थाच्या किलोमागे ०.५ मिलिग्रॅम, म्हणजे आपल्या गाईला ६ मिलिग्रॅम, आणि बीटेन, ही दोन्ही वरचे सगळे जमल्यावर विचारात घेण्याची गोष्ट आहे. व्हिटॅमिन सी कोंबड्यांना उन्हाळ्यात उपयोगी पडते, पण गाय ते स्वतःच्या यकृतात तयार करते आणि तोंडाने दिलेले तिच्या कोठीपोटात नष्ट होते. ग्लुकोजचेही तसेच. माणसाच्या जलसंजीवनीत ग्लुकोज असते कारण ते आतड्यात सोडियमला आत ओढून घेते. मोठ्या गाईला पाजलेले ग्लुकोज आतड्यापर्यंत पोचतच नाही, कोठीपोटातले जिवाणू ते आधी फस्त करतात. दूधपित्या वासराचे पोट वेगळे चालते, त्याला हगवणीत ग्लुकोजयुक्त जलसंजीवनीच द्यावी. आता एखाद्या पाकिटात समजा १० टक्के सोडा आणि उरलेले बहुतेक ग्लुकोज आहे आणि मात्रा रोज ५० ग्रॅम सांगितली आहे. त्यातून सोडा मिळाला ५ ग्रॅम, सोडियम सव्वा ग्रॅमच्या थोडे वर. गाईची गरज ५४ ग्रॅमची आहे.

अनेक उत्पादनांच्या माहितीपत्रकात अमेरिका आणि ऑस्ट्रेलियातल्या मांसासाठी पोसलेल्या जनावरांवरच्या चाचण्यांचे दाखले असतात. त्या चाचण्या खोट्या नाहीत. पण तिथल्या छावण्यांत शेवटच्या टप्प्यातल्या जनावरांच्या आहारात धान्याचा वाटा ऐंशी टक्क्यांच्या वर असतो. तिथे जे यीस्ट किंवा सोड्याचे प्रमाण लागू पडते, ते कडब्यावरच्या देवणी बैलाला लागू पडेलच असे नाही. त्या देशांकडून घेण्यासारखा धडा वेगळा आहे. जून २०२२ मध्ये कान्सास राज्यात किमान २,००० जनावरे उष्णतेने दगावली. तापमान अचानक चढले, हवा दमट झाली, वारा पडला आणि रात्रीही गारवा आला नाही. दिवसा साठलेली उष्णता रात्री बाहेर टाकता आली तर जनावर दुसऱ्या दिवशी पुन्हा उभे राहते. आपल्याकडेही रात्रीचा पारा चढा राहिला की दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून दूध पडते. म्हणून पंखा रात्रीही चालवावा.

बैलांना सोडा लागत नाही. नांगरटीला जुंपलेल्या बैलाला ३० ते ४० ग्रॅम मीठ, ५० ग्रॅम खनिज मिश्रण आणि काम थांबल्यावर मुबलक पाणी पुरेसे आहे. गहू कोंडा जास्त आणि पाणी कमी असे झाले तर फॉस्फरसचे खडे होऊन लघवी अडते, नराच्या अरुंद मूत्रनलिकेत हे दुखणे जीवघेणे ठरते. म्हशीला घामाच्या ग्रंथी कमी आणि कातडी काळी. तिला वरची प्रमाणे चालतात, पण डुंबण्याची किंवा दिवसातून तीन-चार वेळा अंगावर पाणी घेण्याची सोय नसेल, तर पूरकांवरचा खर्च वाया जातो.

धापणारे प्रत्येक जनावर उन्हाचेच असते असेही नाही. गोचीडताप याच दिवसांत येतो. ओळखायची खूण सोपी आहे. पहाटे पाचला तापमान घ्या. उन्हाने तापलेली गाय तोवर १०२ फॅरनहाइटच्या आसपास उतरलेली असते. पहाटेही १०४ असेल तर ती आजारी आहे, रक्त तपासून घ्या. उन्हाने चढलेले तापमान पॅरासिटामॉलसारख्या ज्वरनाशकाने उतरत नाही, कारण मेंदूतली तापमानाची पातळी वर गेलेली नसते, उष्णता बाहेर पडत नसते एवढेच. धाप लागलेल्या जनावराचे तोंड वर धरून बाटलीने गूळपाणी किंवा लिंबूपाणी पाजू नये. ते श्वासनलिकेत जाते आणि न्यूमोनियाने जनावर आठवडाभरात जाते. समोर भांडे ठेवावे, ते स्वतः पिईल तेवढेच.

ही पूरके उष्णतेची लाट आल्यावर सुरू करून उपयोग थोडाच होतो. फेब्रुवारीअखेरीस सुरुवात करावी. आणि पहिल्या पावसाबरोबर बंद करू नयेत. जूनमध्ये पारा फारसा उतरलेला नसतो पण आर्द्रता वाढलेली असते, निर्देशांक मेइतकाच राहतो. ऑक्टोबर हीटमध्येही तीन-चार आठवडे पुन्हा द्यावीत.

दूध संघांकडे दोन मागण्या आहेत. गाईच्या दुधाचा दर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफवर (फॅट सोडून दुधातले इतर घन पदार्थ) ठरतो आणि त्याखाली कपात होते. ज्या महिन्यांत गाईचे फॅट उष्णतेने घसरते, त्या महिन्यांसाठी संघांच्या पशुखाद्य कारखान्यांनी सोडा, पोटॅशियम आणि मॅग्नेशियम मोजून घातलेली उन्हाळी गोळी पेंड काढावी. आणि पोत्यावर प्रथिने, स्निग्धांश, तंतू यांच्याबरोबर सोडियम, पोटॅशियम, क्लोराइड यांचे टक्के छापावेत, म्हणजे वरून किती घालायचे हे शेतकऱ्याला स्वतः ठरवता येईल. संकलन केंद्रांवर पशुखाद्य दर्जाचा सोडा आणि मॅग्नेशियम ऑक्साइड फेब्रुवारीत उपलब्ध व्हावे.

आपल्या दैनिकाकडेही एक मागणी आहे. आपण रोज जिल्हावार कमाल-किमान तापमान छापता. त्याच चौकटीत १ मार्च ते ३० जून आणि ऑक्टोबरमध्ये आर्द्रता आणि जनावरांसाठीचा तापमान-आर्द्रता निर्देशांक असे दोन स्तंभ वाढवावेत. आर्द्रता आणि तापमान हे दोन्ही आकडे हवामान खात्याकडून मिळतात, त्यांतून निर्देशांक काढणे दोन मिनिटांचे काम आहे. ७२ च्या वरचा जिल्हा पिवळा आणि ८० च्या वरचा लाल छापला, तर दूध घालायला डेअरीवर आलेल्या माणसाला तिथे पडलेल्या पेपरात एका नजरेत कळेल, की आजची वैरण संध्याकाळनंतर टाकायची आहे.

आपले,
पशुवैद्यक व पशुआहार क्षेत्रात काम करणारे काही वाचक,
मराठवाडा